नागपूरच्या वस्तीतलं समाजभवन: इतिहास, वाढ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या लेआउटमधलं समाजभवन कधी, कसं आणि कोणाच्या जागेवर उभं राहिलं, हे जाणून घ्यायची इच्छा असलेल्या रहिवाशांसाठी, नव्याने कार्यकारिणीत आलेल्यांसाठी आणि भवनाचा रौप्य किंवा सुवर्ण महोत्सव जवळ आलेल्या मंडळांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर, जरीपटका, खामला अशा कुठल्याही भागातलं भवन घ्या, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

नागपुरात गल्लोगल्ली समाजभवनं दिसतात. इतकी कशी झाली?

याचं मूळ शहराच्या नकाशात आहे. नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला. दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर आखीव वस्त्या वसवणं, रस्ते, गटारं, बगिचे यांची सोय करणं हे त्याचं काम. लेआउट पाडताना प्लॉटशिवाय काही जागा खुली ठेवायची आणि काही सार्वजनिक उपयोगासाठी राखायची, ही पद्धत त्यातून रुजली. लोक राहायला आले, चार-पाच वर्षांत घरं भरली, की त्या रिकाम्या तुकड्याकडे सगळ्यांचं लक्ष जायचं. आधी तिथे गणपती बसायचा. मग एक टिनाचं शेड यायचं. पुढे भिंती, मग स्लॅब.

आखणी न करता पडलेल्या लेआउटची कथा वेगळी आहे. शेतकऱ्याकडून जमीन घेऊन गृहनिर्माण संस्थांनी किंवा दलालांनी प्लॉट विकले, लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरं बांधली आणि मंजुरी मात्र नव्हती. २००१ चा गुंठेवारी कायदा आल्यावर यातल्या पुष्कळ वस्त्या नियमित होण्याच्या वाटेला लागल्या. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे अशा वस्त्यांच्या संख्येवरून पडलेले शब्द दक्षिण आणि पूर्व नागपुरातल्या जुन्या रहिवाशांच्या अजून तोंडात आहेत. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळवण्यासाठी, नळासाठी, गडर लाईनसाठी जी कृती समिती वस्तीत उभी राहिली, तीच पुढे भवनाची समिती झाली, असं अनेक ठिकाणी घडलं. अशा भवनांचा इतिहास लिहिताना सुरुवात इमारतीपासून करू नका. पाण्याच्या मोर्चापासून करा.

लेआउट येण्याआधी लोक जमायचे कुठे?

महाल, इतवारी, शुक्रवारी या जुन्या भागांत वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप आणि तालीम या जागा होत्या. मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्याची, तयारी असो की गणपतीची वर्गणी, बैठक तिथेच. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. इतकी वर्षं हा उत्सव वस्तीतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या, स्वतःच्या हाताने चालवला आहे. म्हणजे संघटन होतं, हिशेब होते, कामाची वाटणी होती. फक्त त्याला सभागृह नव्हतं.

दुसरी जागा वाचनालयाची. नगरपालिका १८६४ मध्ये आली, पुढच्या दोन-तीन दशकांत कॉलेजं निघाली, आणि वर्तमानपत्र विकत घेणं परवडत नसलेला पण वाचायची ओढ असलेला वर्ग शहरात तयार झाला. सीताबर्डीसारख्या भागात वाचनालयं निघाली ती त्यामुळे. संध्याकाळी पेपर वाचायला आलेली माणसंच व्याख्यान ठरवायची.

तिसरी जागा गिरणी कामगारांच्या वस्त्यांतली, आणि माझ्या मते नागपूरच्या समाजभवनाचा खरा पाया तिथे आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. विणकर, शेतमजूर अशी हजारो माणसं गिरणीच्या आधाराने शहरात स्थिरावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीने कामगार वस्त्यांत वायएमसीएच्या मदतीने कल्याणकेंद्रं चालवली. खेळ, रात्रीचे वर्ग, बायका-मुलांसाठी उपक्रम असं त्यांचं काम होतं. इंदोरा-बेझनबाग या भागाचा गिरणीशी असलेला संबंध तिथल्या नावातच राहिला आहे, बेझनजी मेहता हे एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक होते.

पण गिरणीने दिलेल्या सोयीपेक्षा मोठं काम वस्तीने स्वतः केलं. किसन फागुजी बनसोडे यांनी अस्पृश्य समाजासाठी शाळा आणि छापखाना काढला. जाईबाई चौधरी यांनी मुलींसाठी चोखामेळा शाळा चालवली. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत इथे परिषद झाली आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांचीही परिषद झाली. एवढ्या माणसांची राहण्या-जेवण्याची सोय, स्वयंसेवक, वर्गणी हे सगळं वस्त्यावस्त्यांतून उभं राहिलं. ज्यांच्याकडे एक पक्की खोली नव्हती त्या वस्त्यांनी हे केलं, हे आज भवनाला एसी नाही म्हणून कार्यक्रम न घेणाऱ्या प्रत्येक मंडळाला मला सांगावंसं वाटतं.

बुद्धविहारालाही समाजभवन म्हणायचं का?

व्यवहारात उत्तर नागपुरातलं आणि इतर वस्त्यांतलं विहार हे तिथलं समाजभवनच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत विहारं उभी राहिली. सकाळी वंदना, दुपारी बालवाडी किंवा शिलाई वर्ग, रात्री अभ्यासिका, हा दिनक्रम कित्येक विहारांत आजही आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत तिथे दिवा चालू असतो. एका खोलीच्या घरात पाच माणसं राहत असतील तर दहावीच्या मुलीला शांत जागा देणारी ती एकच वास्तू असते. ज्या विहारांनी हे सातत्याने केलं, तिथून शिक्षक, अधिकारी, डॉक्टर घडले.

इमारत आधी की संस्था आधी?

संस्था. नागपुरातली दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

दीक्षाभूमीवर सोहळा झाला १९५६ मध्ये आणि आज दिसणाऱ्या स्तूपाचं उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं १८ डिसेंबर २००१ रोजी. मधली ४५ वर्षं लोक दरवर्षी त्याच भूमीवर येत राहिले, उघड्यावर मुक्काम करत राहिले, पुस्तकं विकत घेत राहिले. स्तूप पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये तिथे डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झालं होतं.

विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीला स्थापन झाला, पुढे नागपूर हे त्याचं केंद्र झालं. झाशी राणी चौकातलं धनवटे रंगमंदिर कित्येक वर्षांनी आलं. ते जुनं रंगमंदिर आता नाही, त्या जागी संघाचं सांस्कृतिक संकुल आहे. ज्यांनी तिथे नाटकं पाहिली त्यांना ते गेल्याची हळहळ आहे, आणि ती रास्त आहे. तरी संघाच्या शाखा, परीक्षा, ‘युगवाणी’ हे मुखपत्र चालू राहिलं, कारण काम वास्तूवर टेकलेलं नव्हतं.

आपल्या वस्तीत मात्र बहुतेकदा उलटं घडतं. निधी मंजूर होतो, कोनशिला बसते, फीत कापली जाते आणि मग विचार सुरू होतो की इथे करायचं काय.

आमच्या भवनाची जागा नेमकी कोणाची आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रश्न. नागपुरात साधारण चार प्रकार आढळतात.

लेआउटमधली खुली जागा असेल तर ती सगळ्या प्लॉटधारकांच्या उपयोगासाठी राखलेली असते. मंजूर लेआउटमध्ये साधारण १० टक्के जागा अशी सोडावी लागते आणि तिच्या अगदी थोड्या भागावरच बांधकामाला परवानगी मिळू शकते. सगळी खुली जागा व्यापून हॉल बांधला असेल तर तो कितीही वर्षांपूर्वीचा असो, अडचण आज ना उद्या येणारच. दुसरा प्रकार सार्वजनिक उपयोगाच्या भूखंडाचा, ज्याला आपण ‘पीयू लँड’ म्हणतो. असा भूखंड नासुप्रने किंवा महापालिकेने एखाद्या नोंदणीकृत संस्थेला लीजवर दिलेला असतो. त्यावर कोणत्या कारणासाठी दिला हे लिहिलेलं असतं आणि मुदतही असते. तिसरा, महापालिकेनेच बांधलेलं आणि मंडळाला सांभाळायला दिलेलं भवन. चौथा, सभासदांनी पैसे काढून विकत घेतलेला प्लॉट.

मधल्या काळात नासुप्र बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि पुढे तो फिरवला गेला. या उलथापालथीत लेआउटच्या फायली एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेल्या. त्यामुळे ‘वीस वर्षांपूर्वी नासुप्रने दिलं होतं’ एवढ्यावर विसंबू नका. मंजूर नकाशाची प्रत, वाटपाचं पत्र, लीजचा करार आणि शेवटची भरलेली भूभाटकाची (जमिनीच्या भाड्याची) पावती, हे चार कागद आज कोणाच्या कपाटात आहेत ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या जुन्या सचिवांच्या घरी असतात आणि ते काका गेल्यावर घर रिकामं करताना रद्दीत जातात. असं होऊ देऊ नका.

मंडळाची नोंदणी झालेली आहे, म्हणजे काम संपलं ना?

नाही. आपल्याकडच्या बहुतेक मंडळांची नोंदणी दुहेरी असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होऊन ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. खरी अडचण त्यानंतर येते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, द्यावा लागतो. तो देणं राहतं. पुढची निवडणूक होते, तिचाही राहतो. पंधरा वर्षांनी भवनावर मजला चढवायचा म्हणून कोणी कागद काढतं, तेव्हा सरकारदरबारी विश्वस्त म्हणून ज्यांची नावं आहेत त्यातले निम्मे हयात नसतात. मग बँक खातं अडतं, निधी अडतो आणि दोन गटांत वाद असेल तर प्रकरण वर्षानुवर्षं चालतं.

दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवालही तितकाच महत्त्वाचा. आणि भवनाचा भाग कोणाला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा असेल किंवा मिळकत विकायची असेल तर याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आमसभेने ठराव केला म्हणून चालत नाही.

बांधकामाला पैसा कुठून येतो?

वर्गणी, देणगी, नगरसेवकांचा आणि आमदारांचा निधी, खासदारांचा स्थानिक विकास निधी (ही योजना १९९३ पासून आहे), दलित वस्ती सुधारणेसारख्या योजना. सरकारी निधीतून उभी राहिलेली वास्तू सार्वजनिक असते, मंडळाची खासगी होत नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवावं.

वर्गणीची पावतीपुस्तकं मात्र जपून ठेवा. पाच रुपये, अकरा रुपये, एक सिमेंटची गोणी, ‘एक दिवसाची मजुरी’ अशा नोंदी त्यात सापडतात. कोनशिलेवर ही नावं कधीच नसतात.

भवन लग्न-बारशाच्या भाड्यावर चालतं. त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. साध्या नोकरदाराला मोठं लॉन परवडत नाही. साक्षगंध, बारसं, तेरवी घराजवळ कमी खर्चात व्हावी यासाठीच तर भवन आहे. विजेचं बिल आणि चौकीदाराचा पगारही भाड्यातूनच निघतो.

प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा भाडं हेच एक काम उरतं. लग्नाची तिथी आहे म्हणून भजनी मंडळाला वरच्या पायऱ्यांवर बसवलं जातं, मुलांची अभ्यासिका ‘सीझनपुरती’ बंद होते, मग ती पुन्हा उघडत नाही. भवनाची चावी एका माणसाकडे जाते. वस्तीतल्या लोकांना आपल्याच भवनात जायला पत्रिका लागते. हळूहळू सभासद आमसभेला येणं सोडतात, कारण तिथे त्यांचं असं काही उरलेलं नसतं. आणि एक दिवस कोणीतरी केटररला वर्षभराच्या ठेक्याने भवन देऊन टाकतो.

यावर उपाय साधा आहे आणि अनेक मंडळं तो करतात. एक खोली कायमची भाड्याच्या बाहेर ठेवायची. तिला वेगळं दार, वेगळा मीटर, वेगळी चावी. खाली लग्न असो की तेरवी, ती खोली रोज ठरल्या वेळी उघडलीच पाहिजे. तसा ठराव आमसभेत करून इतिवृत्तात लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीला तो सहज मोडता येणार नाही. मजला चढवताना आधी हॉलच मोठा करायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी ही खोली बांधा.

त्या खोलीत काय चालवावं? वाचनालय अजून कोण वापरतं?

कथा-कादंबऱ्या घरी नेणारे कमी झाले असतील, पण अभ्यासाला जागा शोधणारी मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. एमपीएससी, पोलीस भरती, रेल्वे, बँक यांची तयारी करणारी, गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून आलेली मुलं एकेका खोलीत तीन-चार जण राहतात. खासगी अभ्यासिकेची महिन्याची फी त्यांना जड जाते. टेबल, पंखा, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि रात्री मुलींना सुरक्षित वाटेल असा रस्त्यावरचा दिवा, एवढं दिलं तरी खोली भरते. मुलींसाठी वेगळ्या जागेचा आग्रह धरा, नाहीतर आठनंतर तिथे फक्त मुलंच उरतात.

रीतसर सार्वजनिक ग्रंथालय करायचं असेल तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेता येते. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं यांवरून अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्यानुसार अनुदान. अनुदानात ग्रंथपालाचं मानधन नीट निघत नाही, हे आधीच लक्षात घ्या. वस्तीतल्या निवृत्त शिक्षकांनी पाळी वाटून घेतली तरच ते टिकतं.

इतर कोणते उपक्रम टिकलेले दिसतात?

जे रोजचे किंवा आठवड्याचे आहेत ते. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने योगवर्ग घरोघरच्या माणसांपर्यंत नेले, आणि पहाटेचा योगवर्ग हा अनेक भवनांतला सर्वात जुना चालू उपक्रम आहे. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, तुकडोजी महाराजांच्या या विदर्भात, आणखी एक. महिला मंडळाचं हळदीकुंकू वर्षातून एकदाच होतं, पण बचत गटाची बैठक दर महिन्याला होते आणि तिच्यातूनच पुढे कार्यकारिणीत बायका येतात. अजूनही बहुतेक भवनांच्या कार्यकारिणीत एक-दोनच महिला असतात, त्याही सहसचिव म्हणून. हे बदलायला हवं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी पायऱ्यांऐवजी उतार आणि खालीच संडास, एवढं आधी करा.

उन्हाळ्यात कार्यक्रम बंदच ठेवावे का?

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी अकरा ते पाच कार्यक्रम ठेवू नयेत. पण भवन बंद ठेवू नये. कूलर आणि माठ असलेली एक खोली दुपारी उघडी असली तर भाजीवाले, डिलिव्हरीची मुलं, सफाई कामगार यांना टेकायला सावली मिळते. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या शहरात ही मोठी सोय आहे.

डीजेमुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. नियम काय आहे?

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. भाड्याच्या अर्जावरच हे छापा आणि अनामत रक्कम त्याच्याशी जोडा.

भवन एका समाजाचं असेल तर इतरांना नाकारता येतं का?

नागपुरात जातीच्या आणि पोटजातीच्या नावाची भवनं पुष्कळ आहेत. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांसाठी वसतिगृह, वधूवर मेळावे अशा गरजेतून ती उभी राहिली आणि त्यांनी आपापल्या लोकांना आधार दिला. पण सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या, किंवा सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या सार्वजनिक जागेत जात, धर्म, लिंग यावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात हे स्पष्ट आहे. वस्तीच्या भवनाची नियमावली एकदा या नजरेने वाचून काढा. ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनीही मागच्या वर्षभरात कोणाचे अर्ज नाकारले ते रजिस्टरमध्ये पाहावं.

शहरात मोठी सभागृहं असताना वस्तीच्या भवनाची गरज काय?

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, सिव्हिल लाईन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, लक्ष्मीनगरात सायंटिफिक, सीताबर्डीत मोर हिंदी भवन. तिथे नाटक, गाण्याची मैफल, साहित्य संमेलन होतं. गल्लीतल्या नळाच्या दाबाची बैठक तिथे होत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा माईकसमोर उभं करायला दोन हजार खुर्च्यांचं सभागृह कोणी देत नाही.

आमच्या भवनाचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

माणसांपासून करा, आणि लवकर करा. ज्यांनी पहिली वर्गणी गोळा केली ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या घरी जा, मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. एकट्या अध्यक्षांना विचारू नका. ज्या काकूंच्या अंगणात पहिल्या बैठका झाल्या, ज्या मिस्त्रीने कॉलम उभे केले, ज्या चौकीदाराचं कुटुंब मागच्या खोलीत राहिलं, त्यांनाही विचारा. विरोध करणाऱ्यांनाही विचारा. खुल्या जागेत मुलांचं मैदान राहावं म्हणून ज्यांनी भवनाला हरकत घेतली होती, त्यांचं म्हणणं इतिहासात यायलाच हवं.

मग कागद. धर्मादाय कार्यालयातून नोंदवहीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट १, मागवा. त्यात स्थापनेच्या वेळचे विश्वस्त आणि मिळकत सापडते. आमसभेची इतिवृत्तं सलग वाचा, वाद कोणत्या वर्षी झाले ते तिथेच कळतं. महोत्सवाच्या स्मरणिका, निमंत्रण पत्रिका, गणेशोत्सवाचे जमाखर्च, वर्तमानपत्रातली कात्रणं गोळा करा. लग्नाचे अल्बम जरूर मागा. वस्तीतली जुनी छायाचित्रं सहसा कोणी मुद्दाम काढलेली नसतात, पण लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे टिनाचं शेड, अर्धवट भिंत, पहिला ट्यूबलाईट दिसतो आणि अल्बमवर तारीख असते.

दोन माणसांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहा आणि कागद कोणाच्या बाजूने आहे ते नोंदवा. स्कॅन केलेल्या प्रती किमान तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा आणि मूळ कागद ज्यांचे त्यांना परत करा, पोचपावती घेऊन.